सरासरीला दिशा नसते

२०२५ च्या गणपतीत डोंबिवलीला काकूंकडे गेलो होतो. काकू म्हणजे आमच्या गिरगावातल्या वाडीतल्या शेजारीण. १९८६ साली आमचे कुटुंब अमेरिकेला निघाले तेव्हा ‘विमानात काय देतात कोण जाणे’ म्हणून दशम्यांचा डबा बांधून देणाऱ्या. आता वय पंचाऐंशीच्या घरात. पण हिशेब पक्का. प्रसादाची वाटी हातात ठेवता ठेवताच त्यांनी विषय काढला.

‘अरे, आमच्या नातवाला चारपैकी दोन पॉइंट नऊ पडलेत म्हणे. मी हिशेब केला. साडेबहात्तर टक्के होतात. फर्स्ट क्लास झाला की रे तो! मग त्या बँका त्याला दारात का उभं करत नाहीत? तू एवढी वर्षं तिथंच होतास ना? सांग की कुणाला तरी.’

मला हसू आले आणि पाठोपाठ थोडी लाजही वाटली. नातू काकूंच्या मुलीचा. ओहायोत जन्मला आणि तिथल्याच एका सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षात नुकताच गेला आहे. त्याला वॉल स्ट्रीटवरच्या इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचे आहे. वीस-पंचवीस ठिकाणी अर्ज केले, पण एकीकडूनही मुलाखतीचे बोलावणे नाही. पोरगा खचला, त्याची आई रडकुंडीला आली आणि आजीने डोंबिवलीत बसून त्रैराशिक मांडले. महाराष्ट्रातल्या किती तरी घरांतली मुले-नातवंडे आज अमेरिकेत शिकत आहेत. त्यांच्यापैकी काहींना उपयोग व्हावा, आणि माझ्याही मनावरचे एक जुने ओझे थोडे हलके व्हावे, म्हणून हा लेखप्रपंच.

काकूंच्या बोलण्यातली पहिली गफलत ‘बँक’ या शब्दाची. इन्व्हेस्टमेंट बँकेत पासबुक भरून मिळत नाही की मुदत ठेवीची पावती मिळत नाही. एखाद्या कंपनीला भांडवल हवे असेल तर तिचे शेअर्स किंवा रोखे बाजारात आणून द्यायचे, एका कंपनीला दुसरी विकत घ्यायची असेल तर किंमत किती आणि ती कशी चुकवायची याचा सल्ला द्यायचा, आणि या कामाची दलाली घ्यायची, असा हा व्यवसाय. अमेरिकेने १९३३ साली कायदा करून हा धंदा ठेवी घेणाऱ्या बँकांपासून वेगळा काढला होता. ती भिंत १९९९ साली कायद्यानेच पाडली गेली. पदवी घेऊन आलेल्या मुलाला तिथे दोन वर्षांसाठी ‘ॲनालिस्ट’ म्हणून घेतात. पगार असा की बापाने जन्मात पाहिला नसेल. काम असे की दिवस-रात्र हा भेद उरत नाही. दर वर्षी जागा थोड्या आणि उमेदवार अमाप.

दुसरी गफलत टक्क्यांची. अमेरिकन कॉलेजात प्रत्येक विषयाला अक्षर मिळते. ‘ए’ला चार गुण, ‘बी’ला तीन, ‘सी’ला दोन, ‘डी’ला एक आणि नापासाला शून्य. प्रत्येक विषयाच्या तासांच्या वजनाने या गुणांची सरासरी काढली की जीपीए तयार. तेव्हा दोन पूर्णांक नऊ याचा अर्थ ‘सरासरी बीला जरा कमी’. आमच्या काळच्या मुंबई विद्यापीठात साडेबहात्तर टक्के मिळवणारा मुलगा वाडीत मिरवला असता; तिथे मात्र ‘बी’ हा आता खालच्या पायरीचा शेरा झाला आहे. २०१३ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या डीननीच सांगितले की तिथे सर्वाधिक वेळा दिले जाणारे अक्षर ‘ए’ आहे आणि मधल्या विद्यार्थ्याला ‘ए-मायनस’ मिळते. प्रिन्स्टनने २००४ साली उलट प्रयोग केला. प्रत्येक विभागाने ‘ए’ श्रेणी साधारण ३५ टक्क्यांपर्यंतच ठेवावी, असा दंडक घातला. नोकरीच्या बाजारात आपल्याच मुलांचे नुकसान होते अशी ओरड झाली आणि २०१४ साली तो मागे घ्यावा लागला. म्हणजे हे नाणे टाकसाळीगणिक वेगळ्या वजनाचे. तरीही इन्व्हेस्टमेंट बँका साऱ्यांना एकच माप लावतात. साडेतीनच्या खालचा अर्ज बहुतेक ठिकाणी पुढे सरकतच नाही.

काकूंचे तिसरे वाक्य मात्र, ‘सांग की कुणाला तरी’ हे, तंतोतंत बरोबर होते. माझ्या या व्यवसायाचे मर्म त्यांनी डोंबिवलीत बसून ओळखले. त्याकडे पुढे येतोच.

आधी माझी स्वतःची मार्कशीट. मी न्यू जर्सीत आलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. वडिलांची गिरणी १९८२ च्या संपात गेली होती. बरीच वर्षे अडकून पडलेला आत्याचा अर्ज मंजूर झाला म्हणून आम्ही जर्सी सिटीत येऊन पडलो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी पेट्रोल पंपावर रात्रपाळी करीत असे. न्यू जर्सीत गाडीवाल्याने स्वतः पेट्रोल भरायचे नाही, पंपावरच्या माणसानेच भरून द्यायचे, असा १९४९ पासूनचा कायदा आहे. त्या कायद्याने माझ्यासारख्या किती जणांच्या फिया भरल्या असतील ते देवच जाणे. सकाळी आठच्या तासाला मी वर्गात बसत असे, पण जागा असेच असे नाही. त्यात इंग्रजी गिरगावचे. पहिल्या वर्षाचा जीपीए १.९ आला. दुसऱ्या वर्षी २.७. तिसऱ्या वर्षी आईला कपड्यांच्या कारखान्यात काम लागले, माझी रात्रपाळी सुटली आणि ३.३ झाले. शेवटच्या वर्षी ३.६. चारांची बेरीज करून चाराने भागा: २.८७५. दाखल्यावर छापून आले २.८८.

आता दुसरा एखादा मुलगा घ्या. पहिल्या वर्षी ३.६, मग ३.३, मग २.७ आणि शेवटी १.९. त्याचाही दाखला २.८८ चाच. एक जिना चढून आलेला, दुसरा त्याच जिन्यावरून घसरत गेलेला. आणि दोघांच्या बायोडेटावर आकडा एकच. सरासरीला उंची असते, दिशा नसते.

१९९१ साली मी पदवी घेतली तो काळही वाईट होता. ड्रेक्सेल बर्नहॅम लॅम्बर्ट ही मातब्बर पेढी १९९० च्या फेब्रुवारीत दिवाळ्यात निघाली होती, मंदी होती आणि वॉल स्ट्रीटवर माणसे कमी होत होती. मी चाळीस-पन्नास अर्ज पाठवले. कॉलेजातल्या एका मित्राने सल्ला दिला, ‘२.८८ कशाला लिहितोस? तीन लिही. जवळच्या पूर्णांकात लिहिलं असं म्हण.’ मी एक पूर्ण रात्र त्यावर विचार केला. सरळ सांगतो, मला रोखले ते नीतीने कमी आणि भीतीने जास्त. नोकरी देताना या पेढ्या कॉलेजकडून दाखला मागवून ताडून पाहतात, आणि खोटे सापडले तर दिलेली नोकरी काढून घेतात. दारावर डोके आपटण्याची सवय होती. आत घेऊन बाहेर काढलेले घरच्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

अखेर नोकरी मिळाली ती हडसन नदीच्या अलीकडे, जर्सी सिटीतच, एका मोठ्या पेढीच्या बॅक ऑफिसात. पलीकडे मॅनहॅटनमध्ये सौदे होत आणि अलीकडे आम्ही त्यांचे कागद जुळवत असू. त्या काळी शेअर्सचा सौदा झाल्यावर पाच दिवसांत पैशांची आणि प्रमाणपत्रांची देवघेव पुरी करायची असे. १९९५ साली ही मुदत तीन दिवसांवर आली, २०१७ साली दोन दिवसांवर आणि मे २०२४ पासून ती एका दिवसावर आहे. कामाला प्रतिष्ठा नव्हती; चूक झाली तर मात्र सगळ्यांना आमचा फोन नंबर आठवे. एक्स्चेंज प्लेस स्टेशनवर गाडीत बसले की नदीखालून काही मिनिटांत वर्ल्ड ट्रेड सेंटर. मला ते अंतर कापायला तीन वर्षे लागली.

कसे कापले, हे मुद्दाम सांगतो, कारण त्यात चमत्कार काही नव्हता. संध्याकाळच्या वर्गात हिशेबशास्त्राचे दोन अभ्यासक्रम केले. लोटसच्या तक्त्यांवर कंपन्यांचे ताळेबंद मांडून पाहायची सवय लावली. आणि पलीकडून रात्री-बेरात्री कुणाचाही फोन आला तर ‘उद्या बघतो’ हे उत्तर कधी दिले नाही. अशा फोनांतूनच तिथल्या एका व्हाइस प्रेसिडेंटची ओळख झाली. १९९४ साली त्यांच्या गटातले दोन ॲनालिस्ट एकदम सोडून गेले, काम अडले, आणि त्यांना मी आठवलो. मनुष्यबळ विभागाने आक्षेप घेतला: ‘याचा आकडा बसत नाही.’ त्या गृहस्थांनी माझी पूर्ण मार्कशीट मागवली, चार वर्षांचे चार आकडे पेन्सिलीने समासात लिहिले आणि म्हणाले, ‘ही जर कंपनी असती तर आपण विकत घ्या म्हणून सल्ला दिला असता.’

या एका वाक्यात माझे सारे म्हणणे आले. कंपनीची किंमत ठरवताना इन्व्हेस्टमेंट बँकर काय करतो? गेल्या चार वर्षांच्या नफ्याची सरासरी काढून तो मोकळा होत नाही. तसे करणाऱ्या ॲनालिस्टला त्याच दिवशी घरी पाठवतील. तो वर्षावर्षाचे आकडे ओळीने मांडतो. नफा चढता आहे की उतरता हे पाहतो. एखाद्या वर्षी आग लागली, संप झाला, तर तो खर्च बाजूला काढून ‘एरवी काय झाले असते’ असा हिशेब करतो. या समायोजनाला आमच्या धंद्यात फार मान आहे, त्यावर रात्रीच्या रात्री वाद होतात. आणि मग पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधतो, कारण किंमत भविष्याची द्यायची असते. जो माणूस दिवसभर हे करतो, तोच माणूस संध्याकाळी नोकरीचे अर्ज पाहायला बसला की चार वर्षांची सरासरी बघतो आणि कागद बाजूला टाकतो. पोराच्या पहिल्या वर्षी घरात आजारपण होते की पंपावरची रात्रपाळी, हे तो विचारतही नाही.

दुसरी बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. चाळणी लागतेच. एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येत असतील तर प्रत्येकाची जीवनकथा वाचायला वेळ कुणाला आहे? शिवाय हे काम खरोखरच चोखपणाचे आहे. पहाटे तीन वाजता, डोळे मिटत असताना, दशांश चिन्ह एक घर सरकले तर कोट्यवधी डॉलरचा घोटाळा होतो. चार वर्षे प्रत्येक गृहपाठ वेळेवर आणि नीट करणारा मुलगा इथेही नीट करील, हा तर्क खोटा नाही. माझ्या हाताखाली कमी आकड्याची मुले आली, त्यांतली सगळीच हिरे निघाली असे मी म्हणणार नाही. काहींचा आकडा कमी होता कारण ती आळशी होती. प्रश्न चाळणीचा नाही. ती सगळ्यांना सारखी लागते का, हा आहे.

ती लागत नाही, हे काकूंनी ओळखलेले मर्म. नोव्हेंबर २०१६ मध्ये जेपी मॉर्गन या बलाढ्य बँकेने अमेरिकन सरकारच्या निरनिराळ्या खात्यांना मिळून सुमारे २६ कोटी ४० लाख डॉलर भरून एक प्रकरण मिटवले. प्रकरण असे की, आशियात, मुख्यतः चीनमध्ये, धंदा मिळावा म्हणून बँकेने सरकारी अधिकाऱ्यांच्या शिफारशीवरून सात वर्षांत शंभराच्या आसपास मुले-मुली, भाचे-पुतणे इंटर्न म्हणून किंवा नोकरीवर घेतले होते. नेहमीच्या निवडीतून ती जातच नव्हती. त्यांच्यासाठी वेगळी वाट होती आणि त्या वाटेला कचेरीत ‘सन्स अँड डॉटर्स’ असेच नाव होते. आपल्याकडे याला वशिला म्हणतात. तिथे तक्ता करून, कोणाच्या मुलामागे किती धंदा आला, याची नोंद ठेवलेली होती एवढाच फरक.

हे टोकाचे उदाहरण झाले. रोजचे त्याहून सौम्य आणि म्हणूनच अधिक चिवट असते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या प्राध्यापक लॉरेन रिव्हेरा यांनी इन्व्हेस्टमेंट बँका, मोठ्या वकिली पेढ्या आणि सल्लागार कंपन्या माणसे कशी निवडतात याचा अभ्यास करून २०१५ साली ‘पेडिग्री’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. ठरावीक कॉलेजांच्या यादीबाहेरच्या अर्जांना फारसे कोणी हात लावत नाही, आणि मुलाखतीत आपल्यासारखेच खेळ, आपल्यासारख्याच सहली, आपल्यासारखेच छंद असलेला उमेदवार ‘शोभतो’ असे मुलाखत घेणाऱ्याला वाटते, हे त्यांनी दाखवले. मी ते पुस्तक वाचले तेव्हा मला नवे काही कळले नाही. ते पुस्तक माझ्याविषयीच होते.

आता ते ओझे. २००६ सालची शरद ऋतूतली संध्याकाळ. मी तोवर डायरेक्टर झालो होतो. तिसाव्या मजल्यावरच्या एका खोलीत आम्ही तिघे अर्ज चाळायला बसलो होतो. अर्ज चारशे, वेळ दोन तास. डावीकडे नाकारलेल्यांचा ढीग, उजवीकडे बोलावण्याचा. माझ्या हातात एक बायोडेटा आला. कॉलेज माझेच. जीपीए २.९. खाली एक ओळ: ‘औषधाच्या दुकानात गल्ल्यावर, आठवड्याला ३० तास, चारही वर्षे.’ तो कागद इतरांपेक्षा अंमळ जास्त वेळ माझ्या हातात राहिला असावा. कारण शेजारचा सहकारी म्हणाला, ‘तुझ्या कॉलेजचा दिसतो?’ मी म्हणालो, ‘हो, पण आकडा बसत नाही.’ आणि तो डावीकडे ठेवला. आपल्या कॉलेजचा म्हणून घेतला असे कुणी म्हणू नये, मी अजून पूर्णपणे पलीकडच्या काठाचा झालेलो नाही असे कुणाला वाटू नये, एवढीच माझी भीती होती.

त्याच ढिगात पंधरा-वीस अर्ज खाली एक पिवळी चिठ्ठी लावलेला अर्ज होता. आमच्या एका मोठ्या ग्राहक कंपनीच्या संचालकांचा पुतण्या. जीपीए ३.१. साडेतीनची रेषा त्यालाही लागू होती. मी म्हणालो, ‘भेटून तर बघू,’ आणि तो उजवीकडे ठेवला. खोलीत कुणी काही बोलले नाही. कुणी काही बोलण्यासारखे त्यात आहे असे कुणाला वाटलेही नाही.

माझी मार्कशीट पेन्सिलीने उलगडून पाहणारा एक माणूस मला भेटला होता. त्या मुलाला मी भेटलो, आणि मी पेन्सिल उचलली नाही. त्याचे नाव आज मला आठवत नाही. आठवड्याचे तीस तास मात्र आठवतात.

पुढे दोन वर्षांनी, १५ सप्टेंबर २००८ ला, १८५० पासून चालत आलेली लेहमन ब्रदर्स दिवाळ्यात गेली. घरांच्या किमती देशभर एकदम पडणार नाहीत असे गृहीत धरून गहाणखतांच्या रोख्यांचे मनोरे ज्यांनी रचले, ते उत्तमोत्तम कॉलेजांतून उत्तमोत्तम आकडे घेऊन आलेले होते. कमी आकड्याच्या मुलांनी ते मनोरे वाचवले असते असा दावा मी करीत नाही. पण एका खोलीत सगळे एकाच चाळणीतून पडलेले असले की वेडगळ वाटणारा प्रश्न विचारायला कुणी उरत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या धंद्यात जुन्या माणसांची एक आवडती कथा आहे, आणि ती खरी आहे. सिडनी वाइनबर्ग हा ब्रुकलिनचा गरीब मुलगा शाळा अर्धवट सोडून १९०७ साली गोल्डमन सॅक्समध्ये झाडलोट करणाऱ्याचा मदतनीस म्हणून लागला. १९३० साली तो त्या पेढीचा प्रमुख झाला, आणि १९५६ साली फोर्ड मोटर कंपनीचे शेअर्स पहिल्यांदा लोकांना विकले गेले त्यामागे तोच होता. समारंभांतून ही कथा अभिमानाने सांगतात. आज तो अर्ज घेऊन आला तर संगणक त्याला अर्ध्या सेकंदात परत पाठवील, हे मात्र कुणी सांगत नाही. आपल्याकडे वॉल स्ट्रीट म्हटले की २००७ ते २०१२ या काळात सिटीग्रुपचे प्रमुख असलेले, नागपुरात जन्मलेले विक्रम पंडित यांचे नाव निघते. पण ते कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टरेट. तो रस्ता हुशारांचा राजरस्ता. काकूंच्या नातवाला विचारायची होती ती पायवाट.

आणि ती आता अधिक अरुंद झाली आहे. आमच्या वेळी शेवटच्या वर्षी अर्ज करीत. आता तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपमधूनच बहुतेक नोकऱ्या दिल्या जातात, आणि तिच्यासाठी दुसऱ्या वर्षातच अर्ज मागवतात. म्हणजे बँकेला दिसतात ती फक्त पहिली तीन सत्रे. घर सोडून आलेले पोर जेव्हा सर्वांत जास्त धडपडते, नेमकी तीच. माझ्यासारख्याचे ३.३ आणि ३.६ यायच्या आधीच दार बंद झालेले असते. सुधारणा झालीच नाही असे नाही. २०१६ साली गोल्डमन सॅक्सने पदवीच्या विद्यार्थ्यांची पहिली मुलाखत कॉलेजात जाऊन घेण्याऐवजी व्हिडिओवर घ्यायला सुरुवात केली, ती ठरावीक कॉलेजांबाहेरच्या मुलांपर्यंत पोचता यावे म्हणून. पण व्हिडिओपर्यंत जायलाही आधी चाळणीतून पडावे लागतेच.

पेढ्यांना माझे सांगणे एवढेच आहे: एक आकडा मागता, तिथे वर्षावार आकडे मागा, आणि त्यांच्या शेजारी ‘शिकताना आठवड्याला किती तास नोकरी केली’ असा एक रकाना ठेवा. संगणकाला हे वाचायला काही जड नाही. आणि पिवळी चिठ्ठी लावलेल्या अर्जालाही तीच रेषा लावा. एवढे केले तर दानधर्म केल्याचे पुण्य लागणार नाही. स्वतःच्याच धंद्याचे पहिले सूत्र पाळल्यासारखे होईल. आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेऱ्यांनीही हे ऐकावे. आपल्याकडे तर नोकरीच्या अर्जावर दहावीचे टक्के माणसाच्या पंचविशीपर्यंत पाठलाग करतात. बोर्डाने गुणवत्ता यादी केव्हाच बंद केली, आपल्या मनातली अजून चालूच आहे.

मुलांना काय सांगू? पहिले, आकडा खोटा लिहू नका. दुसरे, रडगाणे गाऊ नका; पहिले वर्ष का बिघडले हे एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. तिसरे, हिशेबशास्त्र इतके पक्के करा की ताळेबंदातला कुठलाही आकडा हलवला तर बाकीचे कुठे हलतील हे झोपेत सांगता यावे. २०१८ पासून फिन्रा या नियामक संस्थेची एसआयई ही प्राथमिक परीक्षा नोकरी नसतानाही देता येते, ती द्या. चौथे, मोठ्या नावांच्या मागे न लागता पंधरा-वीस माणसांच्या छोट्या पेढ्यांना लिहा. तिथे अर्ज माणूस वाचतो. बॅक ऑफिस, हिशेब तपासणीच्या कंपन्या, पुढे एमबीए, या वाटा लांबच्या आहेत, पण बंद नाहीत. आणि ज्या ओळखी बापाने दिल्या नाहीत त्या स्वतः करा. आपल्याच कॉलेजातून गेलेल्या माणसाला पत्र लिहिणे हा वशिला नव्हे. वशिल्यात दुसऱ्याचे वजन वापरायचे असते. इथे स्वतःचेच टाकायचे असते.

शेवटी हेही विचारा, की हवे तरी आहे का हे? २०२१ साली गोल्डमन सॅक्सच्याच तेरा नव्या ॲनालिस्टांनी आपल्या कामाचे तास मांडले होते. आठवड्याला सरासरी ९५. त्यावर बऱ्याच ठिकाणी पगार वाढवले गेले. रात्री मोठ्या झाल्या नाहीत.

डोंबिवलीहून परत आल्यावर मी नातवाला फोन केला. मोडक्या मराठीत त्याने ‘मामा’ म्हणून हाक मारली. चार-दोन इकडतिकडच्या गोष्टी झाल्यावर म्हणाला, ‘मामा, जीपीए लिहूच नको का बायोडेटावर? लपवू?’

मी विचारले, ‘पहिल्या वर्षी किती होता?’

‘टू पॉइंट फोर. बाबांचं ऑपरेशन झालं होतं. मी दर वीकेंडला घरी जायचो.’

‘आणि दुसऱ्या वर्षी?’

‘थ्री पॉइंट फोर.’

‘मग लपवतोस कशाला? दोन्ही लिही. एकाखाली एक. आणि एक प्रत मला पाठव.’

प्रत आली आहे. मी ती छापून टेबलावर ठेवली आहे, शेजारी पेन्सिल आहे. ओळखीच्या तीन छोट्या पेढ्यांना मी लिहिणार आहे. नोकरी द्या असे नाही, हा कागद दोन मिनिटे हातात धरा असे. औषधाच्या दुकानातल्या त्या मुलाचे देणे यातून फिटत नाही, हे मला माहीत आहे.